न विचारता केलेले भले



९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. त्या निमित्ताने आपण एका प्रश्नाचा विचार करू या. हेतू चांगला असला म्हणजे केलेले कामही चांगलेच ठरते का?

कॅनडाच्या इतिहासात याचे उत्तर आहे आणि ते आपल्या ख्रिस्तसभेला जड जाणारे आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत तेथील दीड लाखाहून अधिक आदिवासी मुलांना आईवडिलांपासून दूर, निवासी शाळांत ठेवले गेले. पैसा सरकारचा, पण निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्था चालवीत होत्या. मुलांचे केस कापले, नावे बदलली, स्वतःच्या भाषेत बोलल्यास शिक्षा केली. अनेकांवर अत्याचार झाले. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. आणि तरीही, चालविणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण या मुलांचे कल्याणच करीत आहोत असे मनापासून वाटत होते. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मास्क्वाचीस येथे जाऊन या दुष्कृत्यांबद्दल आदिवासींची क्षमा मागितली.

तो घाव पुढच्या पिढ्यांतही उतरला आहे. तेथील आदिवासी तरुणांत आत्महत्यांचे प्रमाण इतरांपेक्षा खूपच अधिक आहे. परंतु सर्वत्र तसे नाही. मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लालोंड या संशोधकांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुमारे २०० आदिवासी समूहांचा अभ्यास करून तो १९९८ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या काळात निम्म्याहून अधिक समूहांत एकाही तरुणाने जीव दिला नव्हता. ज्या समूहांनी आपला कारभार, शाळा, आरोग्यसेवा आपल्या हाती घेतल्या होत्या, जमिनीचा हक्क मागितला होता, आपली संस्कृती जपायला जागा उभारली होती, तेथे हे प्रमाण कमी होते. पुढे २००७ मध्ये असेही दिसले की, जेथे बहुसंख्य लोक आपली भाषा बोलतात तेथेही ते फार कमी असते.

एवढ्याने सर्व कारणे उलगडत नाहीत. डॉक्टर आणि समुपदेशक हवेतच. पण दुःखात बुडालेल्या तरुणाला उद्याचा दिवस दिसेनासा होतो, तेव्हा आजीची भाषा, आपले सण, आपली माणसे त्याला धरून ठेवतात. तेच लाजिरवाणे आहे असे शिकवल्यावर त्याने कशाला धरायचे?

आंधळ्या बार्तीमयाला काय हवे हे प्रभू येशूला दिसत नव्हते का? तरीही त्याने आधी त्याला विचारले. मदत करणाऱ्याने विचारले की, समोरचा माणूस केवळ गरजू राहत नाही, तो बोलू लागतो.

आपल्या पालघर जिल्ह्यात वारली, कातकरी, कोकणा मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत शिकतात. पुस्तकातली मराठी ही त्यांची घरची भाषा नव्हे. आपल्या सामवेदी बोलीला कोणी हसले की काय वाटते, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक आहे. मग आपण वह्या, कपडे, खाऊ घेऊन पाड्यावर जातो, तेव्हा त्यांना काय हवे आहे हे आपण कधी विचारले आहे का? त्यांनी 'हे नको' म्हटले तर ते ऐकण्याची आपली तयारी आहे का? परोपकार करताना हा 'नको' ऐकून घेणेच सर्वांत कठीण असते.

यापुढे पाड्यावर जाताना आपण थोडा वेळ राखून ठेवू या. वडीलधाऱ्यांकडून त्यांची गाणी, झाडांची नावे ऐकू या. मुलांना ती आपल्याला शिकवू द्या. आणि कोणताही तरुण, तिथला असो वा आपल्या घरातला, गप्प गप्प राहू लागला तर त्याच्याजवळ बसू या. मानसिक आधारासाठी शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याला अवश्य द्यावा.