साक्ष, प्रत्यक्ष आणि पुनरुत्थान

येशूच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेचे समर्थन प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर उभारण्याची प्रथा जुनी आहे. टॉमस शेरलॉक याने १७२९ मध्ये प्रेषितांवर खोट्या साक्षीचा कल्पित खटला भरून त्यांना निर्दोष ठरविले. निसर्गनियमांच्या अखंड अनुभवापुढे अशी साक्ष हलकीच ठरते, हे डेव्हिड ह्यूमचे उत्तर १७४८ चे. साक्ष नेमकी कशाची, हे ठरलेलेच आहे असे दोघेही गृहीत धरतात.

वस्तुतः चारही शुभवर्तमानांत उठण्याचा क्षण कोणीच पाहत नाही. दिसते ती रिकामी कबर. नंतर भेटतो तो येशू. (कबरीतून बाहेर पडण्याचे वर्णन करणारे ‘पेत्राचे शुभवर्तमान’ मान्य संहितेबाहेर राहिले.) न्यायदर्शनाच्या परिभाषेत भेट हे प्रत्यक्ष, पुनरुत्थान हे अनुमान आणि वाचकाच्या हाती येते ते शब्दप्रमाण. वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो. दुसरी अट प्रेषितांनी प्राण देऊन पुरी केली असे मानले, तरी पहिलीचा प्रश्न उरतोच.

मृत झालेला परिचित मनुष्य जिवंत भेटला, तर मधला क्षण पाहण्याची गरज काय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यासाठी ‘दिसणे’ निःसंदिग्ध हवे. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात करिंथकरांस लिहिताना पौल केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः, या सर्वांसाठी ‘दिसला’ हे एकच क्रियापद योजतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ मात्र पौलाला प्रकाश दिसला व वाणी ऐकू आली, असे सांगते. योहानाच्या थोमाला तर जखमांना स्पर्श करण्याचे निमंत्रण मिळते. या तफावतीवर ‘हे सारे रूपकच’ असा सोयीचा तोडगा काढावा, तर ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश पोकळ आहे, असे पौलच बजावतो.

पौलाच्या यादीत स्त्रियांचा उल्लेख नाही. शुभवर्तमानांत कबरीशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रियाच, आणि लूकच्या निवेदनात प्रेषित त्यांचे बोलणे बाष्कळ समजून झिडकारतात. आप्त कोणास मानावे, हा वाद असा ह्यूमच्या कितीतरी आधी खुद्द संहितेतच उभा राहतो. स्त्रियांच्या साक्षीला त्या समाजात वजन नव्हते, म्हणून ती कोणी रचली नसेल, हा समर्थकांचा युक्तिवाद लक्षणीय आहे. पण तोही निवेदकांच्या सचोटीपुरताच. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान याच स्त्रियांपाशी थांबते: भयभीत होऊन त्या कोणालाच काही सांगत नाहीत. मग मार्कला हे कोणी सांगितले, याचा निर्देश तेथे नाही.