पहाटेचे दोन तास

चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा सायकल घेतो, तेव्हा घरात सगळ्यात आधी डॉक्टरांचं नाव निघतं. शुगर काठावर आली आहे, बीपी वाढलंय, व्यायाम हवाच. हे सगळं खरं असतं. पण रविवारी उजाडताना खडकवासल्याच्या रस्त्यावर जे चेहरे दिसतात, ते औषध घेणाऱ्यांचे नसतात. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारणारा शाळकरी मुलगा त्यांच्यात परत आलेला असतो. वारा कानात भरतो, चढ संपतो आणि पुढे किलोमीटरभर पाय न हलवता सायकल धावत राहते. हा आनंद डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे लपवू नये, असं मला मनापासून वाटतं. आवडतं म्हणून जातो, असं घरात स्पष्ट सांगावं.

कारण औषधात कुणी वाटा मागत नाही. ‘तब्येतीसाठी’ म्हटलं की बायको, मुलं, आई सगळी गप्प होतात आणि सकाळचे दोन तास विनातक्रार मंजूर होतात. ‘आवडीसाठी’ म्हटलं, तर समोरच्यालाही विचारता येतं, मग माझ्या आवडीचं काय? हा प्रश्न घरात विचारला जायलाच हवा.

हा सायकलस्वार सहाला बाहेर पडतो तेव्हा घर थांबलेलं नसतं. डबे भरायचे असतात, मुलांना शाळेच्या व्हॅनपर्यंत पोचवायचं असतं, सासऱ्यांची उपाशीपोटी घ्यायची गोळी असते. नळाचं पाणी तर कुणाच्याच राइडसाठी थांबत नाही. त्याचे दोन तास मोकळे होतात, कारण तेवढ्या वेळाचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलेलं असतं.

पुढे ही आवड वाढते. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड खुणावू लागतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मर्यादा, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस आणि 600 ला चाळीस. एका मोसमात या चारही पुऱ्या केल्या की सायकलस्वारांत मोठा मान मिळतो, आणि तो मिळावाच. पण 600 किलोमीटर म्हणजे घरातला अख्खा शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या तासांची नोंद कुठल्याच ब्रेव्हे कार्डावर होत नाही.

नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघंही व्यवसायात आणि संसारात पूर्ण रुजलेले. त्यांच्या पराक्रमाइतकीच मला त्या शर्यतीची रीत मोलाची वाटते. एकजण सायकलवर असतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, मग पाळी बदलते. मागच्या गाडीतली मंडळी पाणी, खाणं, रस्ता, दुरुस्ती सांभाळतात, आणि हा सगळा चमू शर्यतीचाच भाग धरला जातो. आपल्या बहुतेक घरांत हा चमू वर्षानुवर्षं एकाच व्यक्तीचा असतो आणि पाळी कधी बदलतच नाही.

त्या व्यक्तीनंही कधीकाळी सायकल चालवलेली असते, हे तर फारच लवकर विसरलं जातं. पुण्या-कोल्हापुरात कितीतरी मुली लेडीज सायकलवरून, कॅरिअरला दप्तर लावून शाळा-कॉलेजात गेल्या. आजही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. शिक्षण संपलं की मुलीची सायकल धाकट्या भावंडाकडे जाते, नाहीतर जिन्याखाली. लग्नानंतर स्कूटर येते, तीही भाजी, क्लास आणि बँक यांच्यासाठी. काही काम नसताना, केवळ मजा म्हणून घराबाहेर पडायची मुभा तिला त्या सायकलीबरोबरच सोडावी लागते. नवरा पंचेचाळिसाव्या वर्षी ती मुभा परत मिळवतो, कौतुकासह. त्याचं कौतुक करताना माझं मन प्रत्येक वेळी तिच्याकडे वळतं.

म्हणून नव्या सायकलीसाठी पैसे बाजूला काढताना, राइडचं शुल्क भरण्याआधी, आठवडा समोर ठेवून दोघांनी बसावं. कुठल्या सकाळी त्याच्या, कुठल्या तिच्या, हे आधी ठरावं. त्यानं सायकल चालवणं सोडावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. आपली आवड मारून बसलेला माणूस घरालाही फारसं काही देऊ शकत नाही.

तिला कदाचित सायकल नकोही असेल. गाण्याचा क्लास हवा असेल, मैत्रिणीबरोबर टेकडीवर जायचं असेल, नाहीतर नुसतं आठ वाजेपर्यंत झोपायचं असेल. तिला तसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे. त्याला बीपीचा दाखला जोडायला तिला लावू नये. त्या सकाळी कुकर त्यानं लावावा, आणि डाळीचा डबा कुठल्या फळीवर आहे हे विचारायला तिला उठवू नये.