फ आणि स

बाटलीच्या मानेतली गोटी मी अंगठ्यानं आत ढकलली आणि सोडा उसळून हातावर आला.

"फसफसला बघ. पी लवकर," आत्या म्हणाली.

तिचं कानाचं मशीन टीव्हीशेजारच्या डबीत होतं. म्हणजे सोड्याचा आवाज तिला आलाच नव्हता. भिंगारला तिच्याकडे आलो की कॅम्पातल्या गाडीवरून दोन गोटी सोडे आणायचे हा आमचा जुना रिवाज, पण हे आजवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी ओठ नीट हलवत म्हणालो, "हा शब्द तर कानाचा आहे. तू डोळ्यांनी कसा वापरलास?"

ती उठली आणि मशीन लावून आली. वाद घालायचा असला की लावते.

"कानाचा म्हणजे?"

"आवाजावरून झालेला. तूच शिकवायचीस ना, अनुकरणवाचक शब्द. खळखळ, कडकड, फसफस."

"शिकवायचे. परीक्षेत यायचं म्हणून शिकवायचे. खरं कशावरून, असं एकाही पोरानं विचारलं नाही."

"दुसरं मूळ कुठंय? बुडबुडा संस्कृत बुद्बुदावरून आला. फेन तर त्याच्याही मागे जातो; इंग्रजीतला फोम आणि लॅटिनमधला स्पुमा त्याचेच भाऊबंद. फसफसण्याला असा बाप सापडत नाही. म्हणून आवाज."

"बाप सापडत नाही म्हणून समोर दिसेल त्याचं नाव लावायचं?"

हे मला लागलं. कोशात 'ध्वन्यनुकारी' असा शेरा वाचला की मीही पुढं शोधायचं सोडून देतो.

"काल इडलीचं पीठ फसफसून पातेल्याबाहेर आलं," ती म्हणाली. "रात्रभर ओट्यावर काही आवाज झाला असेल, तर तो शेजारणीनंही ऐकला नाही. तिचे कान शाबूत आहेत."

"तो नंतरचा अर्थ. आधी आवाज, मग तसं दिसणाऱ्या सगळ्याला तोच शब्द."

"आधी काय नि नंतर काय, तू तिथं बसला होतास?"

मी दुसरीकडून शिरलो. "बरं, कान सोड. फ म्हणताना ओठांतून हवा सुटते, स म्हणताना दातांतून. फसफस म्हणणं म्हणजे तोंडानं सोडा उघडणंच. म्हणून तर ऐकू न येताही तुला तो शब्द बरोबर वाटतो."

आत्या गप्प झाली. ओठांवर बोट ठेवून ती "फस, फस" असं पुटपुटली. जिंकलो, असं मला वाटलं.

"मग 'फसणे'?" ती म्हणाली. "त्यातही हाच फ, हाच स. फसलेला माणूस कुठं फसफसतो?"

"तिथं एकदाच आहे. दुहेरी झालं की आवाज येतो."

"हळूहळू. दुहेरी आहे. कसला आवाज?"

मग मी थेट यास्काला मदतीला बोलावलं. निरुक्तात तो म्हणतो की काक हे नाव कावळ्याच्या आवाजाचं अनुकरण आहे, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा घडतं. पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगावं लागलं. तिथंच औपमन्यव नावाच्या आचार्याचं मत दिलंय: अनुकरण वगैरे काही नसतं, काक म्हणजे हाकलून लावण्याजोगा.

"हा शहाणा," आत्या म्हणाली. "खिडकीत पापड वाळत घातलेले असणार त्याचे."

"पण त्याची व्युत्पत्ती ओढूनताणून आहे."

"आणि तुझी?"

त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणालो, "संस्कृतात भृंगार म्हणजे झारी. प्राकृतात त्याचंच भिंगार होतं. म्हणजे तुझं गाव..."

"झारी? नगर वसायच्या आधी, १४९० मध्ये, अहमद निजामशहानं बहमनी फौजेला या भागात हरवलं ते मी शिकवलं. १७०७ साली औरंगजेब इथं वारला ते शिकवलं. झारी कुणाच्याच पुस्तकात नव्हती. आवाज जुळला एवढ्यावर सोयरीक जमवतोस होय रे?"

"ते शब्दाशी शब्द जुळवणं झालं. इथं शब्द आणि वस्तू जुळतायत. दोन्ही एक नाहीत."

"वस्तूचाच आवाज असता तर सगळ्यांच्या तोंडी एकच आला असता. आपला कोंबडा कुकूच कू करतो. इंग्रजीच्या पुस्तकातला डूडल-डू काय काय म्हणतो. कोंबडा तोच."

मी तिला 'फिझ'ची आठवण करून देणार होतो. त्यातही फ आहे, त्यातही दातांतून सुटणारी हवा आहे. पण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

"माझे सासरे," ती म्हणाली, "जन्मात मोठ्यानं बोलले नाहीत. पण सासूबाई म्हणायच्या, आतून खदखदतायत, आज समोर जाऊ नका. वरण खदखदलं तर झाकण हलतं. त्यांचं काय हलायचं? तरी आम्हा सगळ्यांना कळायचं. आम्ही काय ऐकायचो?"

मला उत्तर सुचलं नाही. तिलाही ते नको होतं. ती बाटली उजेडात धरून बघत होती.

"गेला याचा ग्यास."

"हा शब्द मात्र बसून बनवलेला आहे," मी म्हणालो. "सतराव्या शतकात वान हेल्मोंट नावाच्या माणसानं, ग्रीक 'खाओस'वरून."

"म्हणजे याचा बाप नावानिशी सापडतो."

"सापडतो."

"आणि आवाज?"

मी नाही म्हणायच्या आत तिनं मशीन काढून डबीत ठेवलं आणि उरलेला सोडा पिऊन टाकला.