गाणं सुटलं, गोष्ट मागं राहिली

सिनेमातलं गाणं सिनेमातून सुटून एकटं हिंडायला लागलं, की त्याच्याबरोबर काय जातं आणि मागं काय राहतं? निपाणी-बेळगाव भागात हा प्रश्न जास्त टोचतो. ज्यांच्यावर ती गाणी रचली गेली, ती माणसं इथलीच आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली जोगतीण इथली, साडी नेसवलेला जोगत्या इथला, आणि तमाशाच्या फडावर नाच्या झालेला ‘नटरंग’मधला गुणाही इथून हाकेच्या अंतरावरच्या कागलचा. समाजानं त्यांना काय ठरवलं, हे ठरवणं पडद्यावर कसकसं बदलत गेलं, ते पाहण्यासारखं आहे.

२००९ साली राजीव पाटलांचा ‘जोगवा’ आला. डोक्यात जट झाली म्हणून देवीला वाहिलेली सुली आणि लघवीतून रक्त गेलं म्हणून साडी नेसायला लावलेला तायप्पा, अशी ती गोष्ट. अभिनय, संगीत आणि गायनासकट पाच राष्ट्रीय पुरस्कार सिनेमाला मिळाले. मग त्यातलं ‘लल्लाटी भंडार’ घरोघरी गेलं. आता शाळेचं गॅदरिंग त्याच्याशिवाय पुरं होत नाही. मुली मळवट भरतात, हातात परडी घेतात, डोक्यावर देवीचा पुठ्ठ्याचा जग घेऊन ठेका धरतात. अजय-अतुलचा ठेका अंगात भिनणाराच आहे, मुलींचा काही दोष नाही. पण समोर बसलेल्या पालकांत एखादी बाई अशी असू शकते, जिच्या लेकराचं नाव शाळेत घालताना बापाच्या नावाचा रकाना कोरा राहिला होता. तिचं जगणं तिच्याचसमोर वेशभूषा होऊन नाचतं आणि सगळे टाळ्या वाजवतात.

या बायकांचा निवाडा पडद्यावर पूर्वीही होताच, फक्त उघड होता. १९७२चा ‘पिंजरा’ घ्या. शांतारामबापूंचा सिनेमा, खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत. त्यातली तमाशातली चंद्रकला गुरुजींना तुणतुणं हाती घ्यायला लावण्याचा पण करते, आणि पुढं तिचं प्रेम कितीही खरं ठरलं तरी आपण हळहळतो ते आदर्श मास्तराच्या घसरणीसाठी. नाचणारी बाई म्हणजे भल्या माणसाच्या वाटेतला चिखल, हे गृहीतच होतं. तिला तिथं कुणी आणलं, हा प्रश्न गाण्यात नव्हता आणि गोष्टीतही फारसा नव्हता.

तो प्रश्न सिनेमाबाहेर, याच पट्ट्यात आकार घेत होता. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, बाबा आढावांसारखी माणसं त्या कामात होती. १९८२ साली कर्नाटकानं मुली देवाला सोडण्यावर बंदीचा कायदा केला. राजन गवसांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ लिहिल्या, चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा होतीच, आणि ‘जोगवा’ उभा राहिला तो याच लेखनावर. ही बाई अशी का, असं विचारणारा समाज हिला असं कुणी केलं, असं विचारायला लागला. माझ्या मते हे वळण त्या पाच पुरस्कारांहून मोठं आहे, आणि ते कागदावर आणि सभेत घडलं.

कॅमेऱ्यावर ते घडलं ते खुद्द निपाणीत. १९८२ साली दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटानं तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. धुरळ्यात तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या, मालकाचं आणि मुकादमाचं बोलणं सोसणाऱ्या आणि मग संघटना बांधणाऱ्या या बायका. वखारीत जाणाऱ्या बाईबद्दल गाव काय कुजबुजतं, हे कुणी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. माहितीपटात त्या कुणाच्या दयेला पात्र म्हणून येत नाहीत. त्या काम करताना दिसतात, एकमेकींशी बोलतात, हक्काचं मागतात. मुलांना शाळेत एकदा तरी हा माहितीपट दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या आज्यांनी कॅमेऱ्याकडं थेट बघून काय सांगितलं होतं, हे निपाणीतल्या नातवंडांना कळायला हवं.

मुख्य प्रवाहातल्या सिनेमानं मात्र वेगळी वाट धरली. बदफैली बाईच्या जागी बिचारी बाई आली. ‘जोगवा’ पूर्ण पाहिला तर तो या साच्यातून बाहेर पडतो, कारण सुली आणि तायप्पा देवीच्या नावानं लादलेलं नाकारतात. पण गाणं सुटं झालं की नकार मागं राहतो आणि भंडारा पुढं जातो. आनंद यादवांच्या १९८०च्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ २०१०च्या पहिल्याच दिवशी आला, त्याचंही तेच झालं. राजाचं सोंग घ्यायचं स्वप्न पाहणारा पैलवान गुणा फडासाठी नाच्या होतो आणि त्यापायी त्याची जी विटंबना होते, ती या सिनेमाचं काळीज आहे. लोकांच्या मोबाइलमध्ये मात्र ‘अप्सरा आली’ आहे. ‘सैराट’मध्ये ‘झिंगाट’ वाजतं ते पाटलाच्या पोराच्या वाढदिवसाला, आणि त्याच्याच पाठोपाठ जातीनं वेगळे, एकमेकांवर जीव जडलेले आर्ची-परश्या सापडतात. आज ज्या वरातींत ‘झिंगाट’वर पोरं नाचतात, त्यांतल्या किती घरांत परश्याला जावई म्हणून उंबरा ओलांडता येईल?

बिचारी म्हणवून घेणंही ज्यांना नको होतं, त्या बायकांनी आपली वाट काढली. सांगलीच्या ‘संग्राम’ आणि ‘वॅम्प’ या संघटनांतल्या धंदा करणाऱ्या बायकांनी, ज्यांच्यात देवदासी कुटुंबांतल्याही आहेत, सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनात स्वतःच्या आयुष्यावर नाटक केलं आणि स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. इकडं कर्नाटकात मंजम्मा जोगती राज्याच्या जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. नोव्हेंबर २०२१मध्ये पद्मश्री घेण्याआधी त्यांनी पदर हातात घेऊन राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ती चित्रफीत देशानं पाहिली. ज्या जोगतीकडं पाहून लोक तोंड फिरवायचे, तिचा आशीर्वाद राष्ट्रपतींनी हात जोडून घेतला. गाणं नव्हतं, ठेका नव्हता, पण जोगतिणीचं इतकं सन्मानाचं चित्र मला कुठल्याच गाण्यात सापडलेलं नाही.

तरी निवाड्याची खोड जात नाही. गौतमी पाटीलच्या नाचाच्या चित्रफिती गाजल्या तेव्हा तिच्या कार्यक्रमांत हुल्लड करणाऱ्या पुरुषांना कुणी संस्कृतीचे धडे दिले नाहीत. संस्कृती बुडवल्याचा ठपका आला तो तिच्यावर, आणि २०२३मध्ये तर तिनं पाटील आडनाव लावू नये इथपर्यंत मजल गेली.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. चिकोडी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली गावठी प्रेमगीतं मोबाइलवर चालतात, ट्रॅक्टरवर वाजतात. गावातल्या पोरांना स्वतःचं गाणं स्वतः करता येतं, याचा मला खरा आनंद आहे. शेतात राबणारा नायक पडद्यावर आला, आपली बोली लाजेविना ऐकू यायला लागली. पण त्यांतली कितीतरी गाणी एकच गोष्ट सांगतात: गरीब पोरानं जीव लावला, पोरीनं नोकरीवाला नवरा केला, आणि आता तो रडतोय. पोरगी दगाबाज, एवढाच तिचा परिचय. तिच्या लग्नाचा निर्णय कुणी घेतला, तिला कुणी विचारलं का, तिचा फोन कुणी काढून घेतला, जात आड आली का, हे त्या पोरांना चांगलं ठाऊक असतं. तेही त्याच गावात राहतात, त्याच घरांतून येतात. तरी बापाला, भावाला, भावकीला बोल लावणारं कडवं त्यांच्या गाण्यात येत नाही, आणि त्या पोरीला तर तोंड उघडायला एक ओळही मिळत नाही.