हात, बुद्धी आणि प्रतिष्ठा

दहावीचा निकाल लागला, की घरोघरी एक निवाडा होतो. भरपूर गुण मिळवणारा विज्ञान शाखेकडे जातो, मध्यम गुणांचा वाणिज्य शाखेकडे. आणि ज्याच्याविषयी फारशी आशा उरलेली नसते, त्याला 'एखादे हातचे काम शीक' असे सांगितले जाते. हा निवाडा न्याय्य आहे काय?

हातांना व बुद्धीला एकत्र शिकवावे, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाला शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे लक्ष्य ठेवले. परंतु १९९२ मध्ये दोन्ही मुदती पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलाव्या लागल्या. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम निघाले. तरीही व्यवसाय शिक्षण कमी प्रतीचे समजले जाते, अशी कबुली २०२० च्या धोरणालाच द्यावी लागली. म्हणजे उणीव केवळ यंत्रशाळांची नाही, ती आपल्या मूल्यविचाराची आहे.

मात्र पालकांच्या मनातील भीती निराधार म्हणता येणार नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी केली. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, असा त्यामागील हेतू होता. कुंभाराच्या मुलाने कुंभारच राहावे, असाच लोकांनी त्याचा अर्थ लावला. विरोध एवढा झाला, की १९५४ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातांवर काम लादले गेले, त्यांनी 'श्रमाची प्रतिष्ठा' या शब्दांकडे संशयाने पाहिले, तर त्यात नवल नाही.

मग श्रमाचे मोल कशावरून ठरवावे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात याचे उत्तर दिले आहे: काम कोणत्या प्रकारचे आहे यापेक्षा ते करणारी एक व्यक्ती आहे, यातच त्याच्या मोलाचा प्रथम आधार आहे. हे उत्तर दुधारी आहे. ते सुताराला कमी लेखू देत नाही. आणि एखाद्या मुलाने सुतारच व्हावे, हे दुसऱ्याने ठरवण्यालाही मुभा देत नाही, कारण व्यक्ती म्हणजे निवड करणारा जीव.

यावरून संयुक्त शिक्षणाची कसोटी लावता येते. तो मार्ग विद्यार्थ्याने स्वतः पत्करलेला असावा. त्या मार्गाने गेलेल्याला पुढे पदविका-पदवीची वाट मोकळी असावी. अवजार केवळ कमी गुणांच्या मुलाच्या नव्हे, तर पहिल्या आलेल्या मुलाच्याही हाती दिले जावे. यांतील तिसरी अट सर्वांत अवघड, कारण ती सरकारी आदेशाने पुरी होत नाही.

वाचकहो, नाझरेथच्या सुताराला आपण प्रभू म्हणतो आणि तंबू शिवणाऱ्या पौलाला प्रेषित. येत्या जूनमध्ये आपल्या हुशार मुलीने विद्युत तंत्राचा अभ्यासक्रम निवडला, तर तिला आधी कारण विचारा आणि ते नीट ऐकून घ्या. 'एवढे गुण मिळवून हे काय?' हा प्रश्न तिच्या मागून शिकणारा धाकटा भाऊही ऐकत असतो.