देश, काल, पात्र आणि दारफूर

सात्त्विक दान करताना देश, काल आणि पात्र पाहावे, असे भगवद्गीता सांगते. आपण हा विचार बहुधा दक्षिणेच्या पाकिटापुरता ठेवला. पण परक्या मुलखातल्या युद्धाकडे सामान्य माणसाने कसे पाहावे, हेही त्यातून उमगते: समजून घेणे हा करुणेचाच भाग आहे. सुदानमधले दारफूर पाहा. तिथे २००३ मध्ये बंड झाले, सरकारने जंजावीद टोळ्यांना शस्त्रे दिली आणि जगभर ‘अरब विरुद्ध आफ्रिकी’ अशी सोपी मांडणी रूढ झाली. ती साफ खोटी नाही. २०२३ मध्ये दारफूरमधल्या अल जुनैना शहरात बिगर-अरब मसालित लोकांना वेचून मारले गेले. तरी दोन्हीकडचे लोक मुसलमानच आहेत, आणि भांडणाच्या तळाशी दुष्काळ, चराई आणि जमिनीचे हक्क आहेत. जंजावीद टोळ्यांतूनच २०१३ मध्ये जलद साहाय्य दल हे निमलष्करी दल उभे राहिले. १५ एप्रिल २०२३ पासून ते ज्या लष्कराशी लढते आहे, त्याच लष्कराच्या छायेत ते वाढले. अशा युद्धात एका सेनापतीचा झेंडा हाती घेणारी सहानुभूती अपात्री पडते.

इतका इतिहास वाचेपर्यंत माणसे उपाशी मरतील, हा आक्षेप रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला; तिथे अभ्यासाला सवड कुठली? पण पात्र ओळखायला सगळा इतिहास लागत नाही, अन्न कोण शिजवते एवढे कळले तरी पुरते. २०१९ मध्ये सुदानचे राष्ट्राध्यक्ष बशीर यांची सत्ता उलथवणाऱ्या चळवळीतल्या मोहल्ला समित्यांमधून पुढे स्वयंसेवकांचे आपत्कालीन कक्ष उभे राहिले. त्यांची सामुदायिक स्वयंपाकघरे, ‘तकाया’, सूफी अन्नदानाच्या जुन्या परंपरेतली आहेत. खात्रीच्या संस्थेमार्फत त्यांना दिलेली छोटी रक्कमही बंदुकीपेक्षा ताटापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त.

दारातले दुःख सोडून सुदान कशाला, हा दुसरा आक्षेप मला अर्धाच पटतो. जवळच्याचा हक्क मोठा, यात वाद नाही. मात्र दारफूरच्या सोन्यावर जलद साहाय्य दलाचा खजिना पोसला गेला, सुदानचे बरेच सोने संयुक्त अरब अमिरातीत जाते आणि भारत तिथून मोठ्या प्रमाणावर सोने घेतो. आपल्या बांगडीत नेमके तेच आहे, असे कोणी म्हणू शकत नाही. नाही, असेही म्हणता येत नाही. हॉलमार्क शुद्धता सांगतो, खाण सांगत नाही. सोने कुठल्या खाणीतले, हा प्रश्न सराफाला विचारायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तर बहुधा मिळणार नाही, पण गिऱ्हाइके वारंवार विचारू लागली तर सराफालाही तो घाऊक व्यापाऱ्याला विचारावा लागेल.