चौथा पाय

जामसांवलीला पिंपळाखाली मारुतीराया निजलेले आहेत. त्यांच्या दर्शनाच्या वाटेवर एका म्हातारीचं नारळ-फुलांचं दुकान होतं. घरात ती आणि तिचा नातू, दोघंच. दुकानाच्या फळीखाली आठ महिन्यांचा एक कुत्रा झोपायचा. त्याला कोणी आणलं नव्हतं. तोच आला आणि राहिला. नातवानं त्याचं नाव मोत्या ठेवलं.

दिवाळी झाली. आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आला आणि सौंसरच्या रस्त्यानं भरलेल्या गाड्या रात्रंदिवस धावू लागल्या. एका पहाटे अशाच एका गाडीचा धक्का मोत्याला लागला. मागचा उजवा पाय मांडीत मोडला.

शेजारच्या माणसानं पाय सरळ ताणून त्याला बांबूच्या कामट्या बांधल्या. माणूस भला होता, ठाऊक होतं तेवढं त्यानं केलं. आजी डोकं दुखलं की घ्यायची ती गोळी घेऊन नातू धावत आला. पण ढोरांच्या डॉक्टरांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नका. नागपूरला न्या."

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेलं, तरी मोठ्या दवाखान्याची वाट या भागाला अजून नागपूरचीच आहे. सेमिनरी हिल्सवर 1958 सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आजीनं दुकान बंद केलं, मोत्याला फळीवर निजवलं आणि संत्र्याच्या रिकाम्या गाडीतून ती तिथं पोहोचली.

डॉक्टरीणबाईंनी आधी कामट्या सोडल्या. "मांडीचं हाड अशा बांधण्यानं जागेवर राहत नाही, आजी. कामट्यांचं वजन मोडल्या जागी उलट ओढ देतं. आणि पाय असा ताणलेला राहिला, तर लहान कुत्र्याचा मांडीचा स्नायू हाडाला चिकटतो. मग गुडघा वाकतच नाही."

ऑपरेशन झालं. हाडाला पट्टी आणि स्क्रू लागले. आजीचा दोन शनिवारांचा गल्ला त्यात गेला.

निघताना बाईंनी नातवाला जवळ बोलावलं. त्याच्या हातात मोत्याचा पाय दिला आणि शिकवलं. पहिले तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ. मग कोमट शेक, आणि शेकानंतर पाय हलवणं. एक हात गुडघ्याच्या वर, एक खाली. हळूच वाकवायचा, हळूच सोडायचा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. "तो मान वळवून तुझ्या हाताकडं पाहील. पाहिलं की थांबायचं. त्याच्यापुढं जायचं नाही."

घरी आल्यावर आजीनं गुळगुळीत फरशीवर पोती अंथरली, पाय घसरू नये म्हणून. नातू शेक देई, पाय वाकवी, मोत्या मान वळवी, नातू थांबे. असे दिवस गेले. टाके निघाले.

एका दुपारी आरतीच्या घंटा वाजल्या, माकडं पिंपळावरून उतरली, आणि मोत्या नातवाच्या हातातली दोरी हिसकावून त्यांच्या मागं सुटला. पोरगा ओरडला, "आजी, पाय ना, बरा झाला! धावून राहिला!" मोत्या खरंच धावत होता. उजवा पाय पोटाशी धरलेला होता, पण वेग पहिल्यासारखाच होता. दुकानदार उठून पाहू लागले. कोणी म्हणालं, मारुतीरायाची कृपा. आजीनं हात जोडले.

पुढच्या खेपेला नातवानं मोबाइलवरचं ते धावणं मोठ्या कौतुकानं बाईंना दाखवलं. बाईंनी ते नीट पाहिलं. मग फीत घेऊन मोत्याच्या दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी बारीक झाली होती.

"बाळा, धावायला तीन पाय पुरतात," त्या म्हणाल्या. "दुखरा पाय वर धरला की दुखत नाही, आणि वेगही जात नाही. मग चौथा पाय त्याला आठवेल कशाला? तो असाच धावत राहिला, तर हाड जुळेल पण पाय जाईल."

पोराचं तोंड उतरलं. "मंग काय करू?"

"हळू चालव. इतकं हळू, की चौथा टेकवल्याशिवाय त्याला तोल सांभाळता येणार नाही."

काम सोपं वाटलं होतं, पण तेच सगळ्यात अवघड निघालं. दोरी आखूड धरायची, पाच मिनिटं, एक पाऊल, मग दुसरं. दर्शनाला आलेले लोक भराभर पुढं निघून जायचे. मोत्या ओढायचा. पोट्टे हसायचे, "काहून बे, मुंग्या मोजतं का?" नातवाला वाटे, एकदा सोडावं, पळू द्यावं. पण बारीक झालेली मांडी त्यानं फितीवर पाहिली होती. तो दोरी सोडत नसे.

चार दिवसांनी मोत्यानं उजव्या पायाची नुसती नखं टेकवली. आठवड्यानं तळवा टेकला, क्षणभर. मग नातवानं बांबूच्या काठ्या विटांवर आडव्या ठेवल्या, अगदी कमी उंचीच्या. त्या ओलांडायला मोत्याला प्रत्येक पाय वेगळा उचलून वेगळा ठेवावा लागे. बसवायचं आणि उठवायचं, हेही रोज होतं.

एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, जखम केव्हाच भरली होती, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पाणी. मोठ्या शहरांत यासाठी पाण्याच्या टाकीत चालता पट्टा असतो. तुमच्याकडं काय आहे?"

"जाम नदी आहे जी," आजी म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी हिशेब सांगितला. कुत्र्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी असलं, तर पायांवर शंभरातला सुमारे 85 भाग भार राहतो. कंबरेच्या सांध्यापर्यंत असलं, तर सुमारे 38. भार कमी होतो आणि पाऊल मात्र टाकावंच लागतं.

माघाची ऊन दुपार पाहून नातू मोत्याला नदीवर नेऊ लागला. जिथं धार नाही, तळाशी वाळू आहे, तिथं तो स्वतः आधी उतरून पाहायचा. कंबरभर पाण्यात मोत्या पहिल्यांदा चारही पाय टाकत चालला. रोज थोडं उथळ, रोज थोडा जास्त भार. बाहेर आल्यावर पोरगा त्याला कोरडं पुसायचा, आणि मग तापल्या दगडावर उमटलेले ओले ठसे वाकून पाहायचा. तीन ठसे ठळक असत. चौथा पुसट. मग तो चौथा हळूहळू भरत गेला.

जामसांवलीला माणसं आपली दुखणी घेऊन येतात, कोणी महिनोन् महिने राहतात. बरोबर आलेल्यांना तिसऱ्या दिवशीच ऐकायचं असतं, की बरं वाटलं. आणि दुखणाऱ्या माणसालाही ते म्हणणं सोपं जातं. तो दुखरी जागा पोटाशी धरतो आणि उरलेल्या बळावर सगळ्यांबरोबर धावू लागतो. आपण म्हणतो, सावरला. त्याच्याबरोबर हळू चालायला आपल्याला सवड नसते, म्हणून आपण ती मांडी कधी मोजतच नाही.

चैत्रात हनुमान जयंती आली. गर्दीतून मोत्या चारही पायांवर चालत दुकानात आला. थंडीच्या सकाळी तो अजून किंचित लंगडतो, आणि नातू तेव्हा त्याला शेक देतो.

त्याच गर्दीत एक बाई पदरात मांजर घेऊन आली. मांजर छपरावरून पडली होती, तिचा पुढचा पाय लोंबत होता. "तुमच्या कुत्र्याचं ऐकलं," ती म्हणाली. "तापाची गोळी आहे माझ्याकडं, अर्धी देऊ का?"

"नको नको!" नातू फळीवरून उडी मारून उतरला. "मांजरीला पॅरासिटामॉल म्हणजे इखच. जीव जाते तिचा." नागपूरच्या खेपांत त्यानं तिथल्या मांजरीही पाहिल्या होत्या. मांजर दोरीनं चालत नाही. तिच्यापुढं काठीला बांधलेलं पीस हलवावं लागतं, मग ती आपल्या मर्जीनं पंजा पुढं टाकते. पण ते पुढचं. त्यानं संत्र्याची एक रिकामी पेटी ओढली, तळाशी पोतं घातलं आणि आजीला विचारलं, नागपूरची गाडी किती वाजता आहे.